आई, तुझ्या भाकऱ्यांबद्दल

पुणे, आषाढ वद्य

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "यंदा पालखीला माझ्या हातची एकही भाकरी गेली नाही." लगेच विषय बदललास, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला यायची त्या दिवशी अख्खं गाव पिठलं-भाकरीच्या तयारीत असायचं. पिठलं देवळाकडे मोठ्या कढयांत, भाकऱ्या मात्र घराघरांतून. तू पहाटेच चूल पेटवायचीस. शेजारच्या काकू आधी जेमतेम पाच-सहा द्यायच्या. तुझी चळत बघून त्यांनीही परात पुढे ओढली, मग त्यांच्या जावेने. तू त्यांना कधी एका शब्दाने काही म्हणाली नव्हतीस. बाबा, तुम्ही अंगणात मोटारीची नळी सोडून ठेवायचात, आणि दुपारपर्यंत आपल्या कुंपणावर अनोळखी माणसांची धोतरं वाळत असायची.

तुम्ही रयतच्या शाळेत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची गोष्ट तुम्ही कितीदा सांगितलीत. घराघरांतून मूठ-मूठ धान्य यायचं. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्रही मोडलं. मंगळसूत्र मोडणं सगळ्यांना जमणारं नाही, पण मूठ कुणालाच जड होत नाही, आणि शेजारीण देताना दिसली की आपलाही हात डब्यात जातो. भाषणांनी हे होत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

आमच्या पेठेत तेच बघतेय. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. समोरच्या शाळेत उतरलेल्या दिंडीतल्या बायकांना अंघोळीची फार अडचण व्हायची, म्हणून मी आपली मोरी उघडून दिली. त्या वर्षी फक्त आमचंच दार उघडं होतं. पुढच्या वर्षी वरच्या आजींनी गीझर लावून ठेवला. यंदा जिन्यात रांग होती, कोपऱ्यावरचा सलूनवाला फुकट दाढी करत होता आणि कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लांब बोर्ड टाकून दिला होता.

दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा आठवतो ना, कुणाशी न बोलणारा? तो पायरीवर बसून एका म्हाताऱ्या माउलीच्या टाचेच्या भेगा कोमट पाण्याने धूत होता. ती सारखी म्हणत होती, "राहू दे रं बाळा." तो म्हणाला, "थांबा आजी, दुसरा पाय द्या." मग मलम लावलं, पट्टी बांधली, आणि मित्राला फोन करून आणखी कापूस आणायला सांगितला. संध्याकाळी ती चार पोरं तिथेच बसली होती.

यातल्या कुणालाही मी सांगितलं नव्हतं. मला तरी कुणी सांगितलं होतं? मी लहानपणापासून तुझी चूल बघितली होती, एवढंच. म्हणून म्हणते, तुझ्या हातची भाकरी गेली नाही असं मनाला लावून घेऊ नकोस.

पुढच्या वर्षी पुण्याचा मुक्काम हलला की मी यवतला येते. वरच्या आजींच्या सुनेलाही यायचंय, तिला भाकरी थापता येत नाही. तू खुर्चीवर बसून तिला शिकव, तव्यापाशी मी बसते. पीठ मी इकडून दळून आणीन. बाबा, तुम्ही गिरणीत हेलपाटा घालू नका. आणि आई, बोटांना रोज तेल लावतेस ना, ते खरं-खरं कळव.

तुमची लेक