बुटका ससा म्हणजे सुट्टीतलं खेळणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला बुटक्या सशांवरचा लेख वाचून जो राग आला तो रात्रभर गेला नाही, म्हणून आज दुकान उघडायच्या आधी हे पत्र लिहायला बसलो. कमी जागा, कमी खर्च आणि सुट्टीत मुलांना विरंगुळा, एवढ्यावर लेख संपतो. चौकटीत खाणं काय दिलंय, तर गाजर आणि कोबी. आणि शेजारचा फोटो! एक मुलगा सशाला दोन्ही कान धरून उचलतोय. तुमचा पेपर घरोघरी जातो. तो फोटो बघून पोरं सशाला तसंच उचलणार. लटकलेला ससा मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्यात त्याचा कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली, असं उचलायचं असतं. एवढी एक ओळ फोटोखाली टाकायला किती जागा लागली असती?

माझ्याकडे बरीच वर्षं ससे आहेत, म्हणून हे अधिकाराने लिहितोय. लेखकाने जातींची नावं आणि वजनं दिली आहेत, ती बरोबर आहेत. नेदरलँड ड्वार्फ जेमतेम किलोभराचा, हॉलंड लॉप पावणेदोन किलोच्या आतबाहेर. पण या जाती थंड मुलखात तयार झाल्या, हे कुठेच नाही. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि नेदरलँड ड्वार्फचे कान असतात बोटभर. पारा ३० च्या पुढे सरकला की त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे परभणी-नांदेडात मे महिन्यात ४२ अंश म्हणजे नेहमीचंच, आणि भर दुपारी लाईट गेली की कूलरही बंद. अशा मुलखातल्या वाचकांना तुम्ही ऐन एप्रिलमध्ये सांगता की बुटका ससा आणा, त्याला काही लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी असाच ससा आला. दुकानदाराने ‘ड्वार्फ’ म्हणून दिलेला. खरं तर ते पिल्लू महिन्याचंही नव्हतं, म्हणून तळहातावर मावत होतं. सशाचं पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. गाजर द्या, बिस्किटही चालतं, असं त्या दुकानदाराने सांगितलं होतं. पिंजरा गच्चीवर, पत्र्याखाली. काही दिवसांत त्याने खाणं सोडलं. “दादा, जरा येऊन बघता का, ससा उठंना,” म्हणत पोराची आई मला बोलवायला आली, तोवर मेडिकलमधून आणलेलं लहान मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलीन त्याला पाजून झालं होतं. मी गेलो तेव्हा ते आडवं पसरलं होतं. हनुवटीखालची लव लाळेने ओली, कान हाताला गरम, पोट टम्म. पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये एक लेंडी नव्हती, नुसते गाजराचे सुकलेले तुकडे. ओला पंचा खाली घातला, कानांवरून पाण्याचा हात फिरवला. दिवेलागणीला ते गेलं. पोरगं दुसऱ्या दिवशी शिकवणीलाही गेलं नाही.

त्या घरच्यांना मी काय बोलणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅमॉक्सिसिलीन माणसाच्या लेकराला चालतं, पण सशाच्या पोटात गेलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि घातक जंतू माजतात. सशाला उलटी होत नाही. बारा तास त्याने तोंडाला काही लावलं नाही, तर उद्या बघू म्हणून चालत नाही, लगेच डॉक्टर गाठावा लागतो. हे सगळं लेखात यायला हवं होतं. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लेख छापण्याआधी तिथे एक फोन केला असता तर कुणीही सांगितलं असतं.

खाण्याचंही तेच. सशाचं खरं अन्न गवत. हरळी, मारवेल, वाळलेलं गवत त्याच्यापुढे दिवसरात्र हवं. गाजरात साखर असते, ते चवीपुरतं एखादी चकती. लसूण घास वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्याला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम जास्त असतं. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर वाकडे होऊन गालात, जिभेत घुसतात. बुटक्या जातींचं तोंड आखूड, त्यामुळे त्यांच्यात दातांवर दात नीट न बसण्याची तक्रार जास्त. कोबी-गाजरावर वाढवलेला ससा शेवटी भुकेनेच मरतो.

आणि ‘ड्वार्फ’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं ड्वार्फ नसतंच. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या न्यूझीलंड व्हाइटची किंवा सोव्हिएत चिंचिलाची पिल्लं असतात ती. वर्षाच्या आत चार किलोची होतात, मग घरात नकोशी होतात आणि कुणीतरी नेऊन शेताच्या बांधावर सोडतं. तिथे कुत्री काय करतात ते मी लिहीत नाही. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे आज तिसरीतल्या पोरासाठी आणलेला ससा ते कॉलेजात जाईपर्यंत घरात असतो. लेखात विरंगुळा म्हटलाय तो एका सुट्टीचा. २०१८ च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. गिऱ्हाइकाने आधी ती नोंदणी बघायला मागावी, एवढं तरी तुम्ही छापा.

आणखी एक. लेखाच्या शेवटी छोटा फोटो आहे, ‘सशाचं गोंडस पिल्लू’ म्हणून. ते पाळीव सशाचं नाही, रानसशाचं आहे. पाळीव सशाचं पिल्लू जन्मतः उघडं आणि डोळे मिटलेलं असतं. रानसशाचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. तुरीच्या, ज्वारीच्या काढणीत अशी पिल्लं सापडतात आणि आई टाकून गेली असं समजून लोक घरी आणतात. आई टाकून गेलेली नसते. ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली रानससा पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. फोटोत ते पिल्लू कुणाच्या तरी हातात आहे. तो हात कुणाचा, पिल्लू कुठे धरलं आणि आता कुठे आहे, हे तुमच्या छायाचित्रकाराला विचारावं आणि येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी छापावं.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
परभणी जिल्हा