हॉस्टेलला निघालेल्या माझ्या मुलाला

प्रिय सोनू,

तुझी पुण्याची अॅडमिशन झाल्यापासून घरात सगळे गादी, बादली, चार्जर हेच बोलतायत आणि माझ्या डोक्यात मात्र एकच चालू आहे, तिथलं जेवण. समोर बसवून सांगायला लागले की तू "आई माहितीये गं मला" म्हणून उठून जातोस. माहिती आहेच तुला. पण सीलिअॅकमुळे तुला गहू चालत नाही आणि कशात गहू आहे हे विचारायचं काम आजपर्यंत मी करत आले, लग्नात आचाऱ्याला, ट्रिपला सरांना, वाढदिवसाला त्या त्या मुलाच्या आईला. आता ते तुला करायचंय, म्हणून लिहून देतेय, मोठं झालंय तरी सगळं वाच.

तू बालवाडीत होतास तेव्हाचं तुला आठवत नसणार. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं, दिवसातून कितीदा तरी जुलाब, आणि चिडचिड अशी की मांडीवरून खाली ठेवता यायचं नाही. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, लोहाची बाटली संपली की दुसरी आणायचो तरी हिमोग्लोबिन काही वर येईना. तुझ्या बरोबरीची मुलं उंच व्हायला लागली आणि तुला मागच्या वर्षीची चड्डी अजून होत होती. मग पुण्याच्या मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्ताची टीटीजी टेस्ट (सीलिअॅकसाठी करतात ती) करायला सांगितली, ती खूप जास्त आली, नंतर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतले आणि सीलिअॅक आहे हे पक्कं झालं. एक गोष्ट त्यांनी तेव्हा बजावून सांगितली होती ती तुला पुढे कुणाला तरी सांगायला उपयोगी पडेल. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर आतडं सुधारायला लागतं, रक्तातली टीटीजीही खाली येते आणि मग आजार असून रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. आजकाल कुणीही पोट बिघडलं की आपल्या मनानेच ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोडतं, तुझ्या मित्रमैत्रिणींपैकी कुणी असं म्हणालं तर त्याला आधी टेस्ट कर म्हणून सांग.

आत नेमकं काय होतं ते तुला एकदा नीट कळलेलं बरं, म्हणजे कुणी वाद घातला की गडबडायला होणार नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामुळे अन्न शोषलं जातं. गहू, बार्ली (जव) आणि राय (हे एक धान्य, आपली मोहरी-राई नव्हे) यांत ग्लूटेन असतं. ते तुझ्या पोटात गेलं की तुझ्याच शरीराची संरक्षण यंत्रणा त्या उंचवट्यांवर हल्ला करते आणि ते सपाट होत जातात. मग कितीही खा, लोह नाही, कॅल्शियम नाही, अंगाला काही लागत नाही. ही नेहमीची अॅलर्जी नाही की गोळी घेतली आणि उतरली. मेसमध्ये मात्र "गव्हाची अॅलर्जी आहे" असंच सांग, लोकांना ते लगेच कळतं आणि ते जपून वागतात.

यावर आजही औषध नाही रे. आहार हाच उपाय, तोही जन्मभर. इंग्लंडमधल्या सॅम्युअल जी नावाच्या डॉक्टरांनी 1888 मध्येच लिहून ठेवलं होतं की हा आजार बरा होणार असेल तर तो खाण्यापिण्यातूनच, पण नेमकं काय टाळायचं ते त्यांना कळलं नव्हतं. ते शोधून काढलं डिके नावाच्या डच डॉक्टरांनी, ते हेगला मुलांच्या हॉस्पिटलमध्ये होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून शंका होतीच, त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले, आणि त्या काळात सीलिअॅकची मुलं उलट सुधारली. पाव परत मिळायला लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध लिहिला. तू सहावीत असताना ही गोष्ट माझ्याकडून परत परत ऐकायचास. मला अजूनही ती आठवली की भरून येतं, कारण त्याआधी असली कितीतरी मुलं नुसती खंगून जायची आणि आईबापांना कारणसुद्धा कळायचं नाही.

आता मेसचं. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया हे तुला झोपेतसुद्धा सांगता येईल, ते सोडून देते. धोका दिसत नाही तिथे असतो. सगळ्यात आधी हिंग. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ घालतात आणि बऱ्याच वेळा ते गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, आणि मेसच्या वरणात, आमटीत, सांबारात हिंग असतोच. म्हणून पहिल्याच दिवशी मेसच्या काकांना डबी दाखवायला सांग. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, मी त्याच्या दोन डब्या तुझ्या बॅगेत ठेवल्यात, एक त्यांना दे आणि फोडणीला हाच वापरा म्हणून विनंती कर. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि धपाट्याच्या पिठातही बऱ्याच घरी असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे गाडीवरचं चायनीज कायमचं बंद. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून बिनधास्त घेशील तर त्यात माल्ट असतं, माल्ट म्हणजे बार्ली. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी पण तशाच. आणि मोठा झालायस म्हणून स्पष्ट लिहिते, बिअरही बार्लीचीच असते.

भाकरी मिळते म्हणाले तरी विचार. ज्वारीच्या पिठाला जुनं झालं की विरी राहत नाही, भाकरी मोडते, मग चिकटपणासाठी त्यात मूठभर कणीक मिसळणारे खूप असतात. आणि नुसत्या ज्वारीची केली तरी तोच पोळीचा तवा, तीच कणकेची परात, तेच पोळपाटावरचं पीठ हाताला. गिरणीचं तर तुला माहितीच आहे, आधी गहू दळला की त्याचं पीठ आत राहतंच, म्हणूनच आपण घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणा टाकला नाही. बाहेर दळलेलं तांदळाचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ सगळ्यालाच हे लागू. हॉस्टेलजवळ एखाद्या ताई डबा देणाऱ्या मिळाल्या आणि त्यांनी वेगळा तवा ठेवायची तयारी दाखवली तर आपण तवा विकत घेऊन देऊ, पीठ इथून घरचं पाठवीन, पैशाचा विचार करू नकोस.

तळणीचंही तसंच. बटाटेवडा बेसनाचा, साबुदाणा वडा साबुदाण्याचा, पण त्याच कढईत सकाळी ब्रेड पकोडे आणि समोसे तळलेले असतात. तेलाबद्दल विचारायला लाज वाटते मला कळतं. तरी विचार. मिसळीत फरसाण असतं, त्यातल्या पापड्या मैद्याच्या असू शकतात, आणि पाणीपुरीच्या पुऱ्या रव्याच्या नाहीतर मैद्याच्या. इडली, साधा डोसा बहुतेक ठिकाणी चालतो, पण रवा घातलाय का विचारून. पोहे, साबुदाणा खिचडी, भगर, उकडलेली अंडी, दही भात, शेंगदाणे, केळी एवढं कुठेही मिळतं आणि एवढ्यावर दिवस निघतो. चतुर्थी एकादशीला तर कॅन्टीनच तुझ्या बाजूने असतं. भात मात्र वाढप सुरू होतानाच घेत जा, पोळीचे तुकडे लागलेले चमचे त्यात पडायच्या आधी.

पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही असा आपल्याकडे नियम आहे. "लो ग्लूटेन" वेगळं, त्यात 100 पर्यंत असू शकतं, ते तुझ्यासाठी नाही. काही लिहिलेलं नसेल तर घटकांची यादी आणि तिच्या शेवटी अॅलर्जीची ओळ असते, दोन्हीकडे व्हीट, बार्ली, माल्ट, सेमोलिना (रवा) बघायचं. ओट्सचं बऱ्याच जणांना चालतं म्हणतात पण आपल्याकडच्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ कुठेही होते, डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावू नकोस.

खपलीचं वेगळं लिहिते कारण तिथे तुला शंभर टक्के कुणीतरी सांगणार की खपली गहू जुना, देशी, तो पचतो, तो तुला चालेल. गेल्या दिवाळीला आपल्याच घरात दोन मोठ्या माणसांनी ते सांगितलं, प्रेमानेच. खपली पचायला हलका असेल दुसऱ्याला, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. बन्सी, शरबती, सेंद्रिय, घरच्या शेतातला, सगळ्याचं उत्तर नाही. आणि "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय" याचंही. आतड्याला एवढासा तुकडा पुरतो, आणि तुला त्रास जाणवला नाही तरी आत नुकसान होत असतं, हे मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं. वर्षानुवर्षं असं चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी राहतं, आणि क्वचित का होईना आतड्याचा कॅन्सरही होतो. तुला घाबरवायला नाही लिहीत, तुझं वय असं आहे की शरीर सगळं सहन करतं आणि माणसाला वाटतं काही झालंच नाही.

प्रसादाला नाही म्हणताना तू नेहमी अवघडतोस. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, हात पुढे कर, कपाळाला लाव, आणि शेजारच्याला दे. तीर्थ घे, केळं घे. देवाला याचं काही वाटत नाही, आजी स्वतः हे म्हणते आणि ती घरात सगळ्यात जास्त करणारी आहे. गणपतीत उकडीचे मोदक तांदळाचे, तळणीचे कणकेचे, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

आणि तुझं ताट वेगळं म्हणून कधी वाईट वाटून घेऊ नकोस बाळा. आपल्या सोलापूरकडे तुझ्या पणजीच्या काळात रोज कुणी पोळी खायचं का? सणावाराला, पाहुणे आले तर. रोजची ज्वारीची भाकरीच, मंगळवेढ्याची मालदांडी, आणि त्यावर शेंगाचटणी नाहीतर पिठलं. थंडीत हुरडा. तू जे खातोस त्यावर या भागात कितीतरी पिढ्या वाढल्या, राबल्या. वर पंजाब, हरियाणाकडे जिथे दिवसाचं सगळं जेवण गव्हाचं तिथे हा आजार आपल्यापेक्षा बराच जास्त दिसतो आणि तिथल्या घरात लहान मुलाला रोटी बंद करणं किती कठीण जात असेल मी विचार करते. आपल्याला निदान भाकरी नव्याने शिकावी लागली नाही.

मित्र बाहेर जेवायला निघाले की जायचं. आठवीत तू पार्ट्यांना जाणंच सोडलं होतंस, ते परत नको. आधी खोलीत खाऊन घे, तिथे ताक, फळं, नाहीतर नुसता चहा घे, पण लोकांत बस. एकदोन जवळच्या मित्रांना सगळं नीट सांग, रूम पार्टनरला तर पहिल्याच आठवड्यात, म्हणजे तो पोळीभाजी तुझ्या डब्याच्या झाकणात काढून खाणार नाही आणि जॅमच्या बाटलीत पावाचा चमचा घालणार नाही. चिडवलं तर थोडे दिवस चिडवतील, मग तेच वेटरला तुझ्याआधी विचारायला लागतात, शाळेत तसंच झालं होतं ना.

चुकून खाल्लं गेलं, किंवा राहवलं नाही म्हणून खाल्लंस, तर मला लपवू नकोस. मी ओरडणार नाही हे लिहून देते. पोट दुखेल, जुलाब, तोंड येणं, काही दिवस अंगात त्राण नसल्यासारखं होईल. त्यावर उतारा नाही, पाणी भरपूर पी, ओआरएस घे, साधा वरणभात खा, आणि पुढच्या जेवणापासून परत कडक. एकदा मोडलंच आहे तर आठवडाभर खाऊन घेऊ असं मनात येतं, तेवढं मात्र करू नकोस. ताप, रक्त असं काही दिसलं तर ते सीलिअॅकच असेल असं धरून बसू नकोस, डॉक्टरकडे जा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी गोळ्या घेतल्यास तरी दुकानदाराला त्यात गव्हाचा स्टार्च आहे का विचारायचं.

टीटीजी, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी आणि बी-12 ही तपासणी दर वर्षी एकदा करायचीच, बरं वाटत असलं तरी. ताईची रक्ततपासणी नॉर्मल आली होती पण भावंडांना दहात एकाला होऊ शकतो म्हणून तिचीही परत करणार आहोत, दिवाळीत दोघांची एकदम करू. रिपोर्टची फाईल निळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, तिचे फोटो तुझ्या फोनवरही टाकलेत.

कडक भाकरीचा मोठा डबा आणि शेंगाचटणी भरलीय. त्या भाकऱ्या आपल्या घरघंटीच्या पिठाच्या आहेत, महिनाभर सहज टिकतात, दमट जागी ठेवू नकोस. निम्म्या संपल्या की लगेच सांग, हुतात्मा एक्सप्रेसने कुणी ना कुणी पुण्याला येत असतंच, मी लगेच पाठवते. आणि मेसच्या काकांशी काय बोलणं झालं ते उद्या रात्रीच फोन करून सांग, लागलं तर मी त्यांच्याशी बोलते, पण आधी तू बोल.

तुझी
आई