हिरवे पान काढण्याआधी स्वयंपाकघर पाहा

महोदय,

पर्यावरणाची जाण ही कल्पना मध्यवर्ती ठेवून कोल्हापुरात उपाहारगृह काढू पाहणाऱ्या तरुण मालकांना आणि त्यांच्यासाठी बोधचिन्ह, फलक व मेनूकार्ड घडविणाऱ्या संकल्पनकारांना उद्देशून हे पत्र लिहीत आहे. अशा ठिकाणी हिरव्या पानाचे चिन्ह आधी ठरते, भिंतीवर प्लॅस्टिकचे गवत चढते, दारावर पीव्हीसी प्लॅस्टिकचा फ्लेक्स लागतो. मात्र किती अन्न उरते आणि ते कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते संकल्पनकाराने कामाचा पहिला दिवस स्वयंपाकघरातच घालवला पाहिजे.

आपल्याकडे खरी कसोटी पार्सलची आहे. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी असूनही गरम तांबडा-पांढरा रस्सा पातळ पिशवीत ओतून, गाठ मारून दिलेला आजही दिसतो. जे उपाहारगृह अनामत रक्कम घेऊन स्टीलचा डबा देईल आणि तो परत घेईल, त्याचे नाव त्या डब्यावर कोरलेले असले की घरोघरी पोहोचणारी वेगळी जाहिरात कशाला हवी? भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शब्दांबाबतही काटेकोर राहावे लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम दावे पुराव्याशिवाय आणि पुरेशा खुलाशाशिवाय करता येत नाहीत. आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदी कपावर पान छापणे ही ग्राहकाची दिशाभूलच आहे. पीएलए या वनस्पतीजन्य प्लॅस्टिकच्या वाट्यांचे नीट विघटन होण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातले सुमारे ६० अंशांचे तापमान लागते. परसातल्या खड्ड्यात ते मिळत नाही. उसाच्या या जिल्ह्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ताटल्या किंवा साध्या पत्रावळी वापरून ‘ही पत्रावळ आहे’ एवढेच लिहिले, तरी ते अधिक विश्वासार्ह वाटेल. मेनूकार्डावर आजरा घनसाळ तांदूळ, कोल्हापुरी गूळ, भाजी पिकवणारे गाव यांची नावे यावीत, अर्थात ती खरोखर वापरात असतील तरच.

राहिला फलक. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या कलापुरात हाताने अक्षरे रंगवणारे कारागीर फ्लेक्समुळे मागे पडले, याची मला फार खंत वाटते. लाकडावर वा पत्र्यावर रंगवलेला फलक वर्षानुवर्षे टिकतो, खराब झाला तर पुन्हा रंगवता येतो. फाटलेला फ्लेक्स मात्र कचऱ्यात किंवा नाल्यात जातो आणि जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतो.

शहरातील हॉटेल व्यावसायिकांनी कलामहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि जुन्या पेंटरांना एकत्र बसवून, योग्य मोबदला देऊन हे काम सोपवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर