संस्था : स्वतःची शेती

टूसॉन, ॲरिझोना
जून २०२४

ती. बाबा व आईस,
सा. न. वि. वि.

मृग लागला, लागवड सुरू झाली असेल. इथे पारा चाळिशीपार आहे, त्यामुळे यवतमाळ सोडल्यासारखं वाटतच नाही.

काल कीटकशास्त्राच्या परिषदेसाठी गोषवारा पाठवला. १० ते १३ नोव्हेंबरला फिनिक्सला आहे, इथून दोन तासांवर. मुदत रात्री बाराची, म्हणून मी निवांत वरणभात खात बसले होते. पावणेनऊला लक्षात आलं, ते बारा पूर्वेकडच्या वेळेचे, इथे नऊलाच दार बंद! ताट तसंच राहिलं. आई, हसू नकोस.

भाषण न घेता पोस्टर घेतलं. भाषण म्हणजे दहा मिनिटं बोलायचं आणि उतरायचं. पोस्टरपाशी माणूस थांबतो, आकड्यावर बोट ठेवून विचारतो. हल्ली ते कापडावर छापून मिळतं, घडी करून पिशवीत टाकता येतं. कापसाच्या किडीचं पोस्टर, आणि कापड पॉलिस्टरचं!

बाबा, विषय तुमच्या वहीतला आहे. २०१७ ला आपण डोमकळ्या, अळीमुळे न उमललेली ती फुलं, मोजत बसलो होतो, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने गुलाबी बोंडअळी इथल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं वाण, तर इथेही होतं. पण त्यासोबत विमानातून वांझ पतंग सोडले, म्हणजे रानातल्या पतंगांची त्यांच्याशी जोडी जमली तरी पिल्लं होत नाहीत. अळ्यांच्या खाण्यात लाल रंग घालत, म्हणजे सापळ्यातला पतंग सोडलेला की रानातला ते कळे. शिवाय ठरल्या तारखेच्या आत सगळ्यांनी कापसाची पऱ्हाटी जमिनीत गाडायची. आपल्याकडे अळी बीटीला सरावू नये म्हणून बियाण्यासोबत दिलेली बिगर-बीटीची पुडी माळ्यावर उंदरांनी खाल्ली, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, तर घरोघरी. दोष देत नाही. मार्चमध्ये आणखी क्विंटलभर कापूस निघत असेल तर उभी पऱ्हाटी कोण उपटेल?

गोषवाऱ्यात ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हे वाक्य माझ्या गाईड मॅडमनी तीनदा खोडलं. काय सापडलं ते लिही, म्हणाल्या. मग विचारलं, सापळे मोजले कुणी? वडिलांनी, म्हटलं. तर त्यांचं नाव लेखकांत हवं. फॉर्म संस्था लिहिल्याशिवाय पुढे सरकेना, म्हणून तुमच्या नावापुढे ‘स्वतःची शेती’ लिहिलं. चाललं.

आता काम. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात कामगंध सापळ्यांच्या, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांच्या, रकान्यात तीन दिवस कोरे आहेत. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज ८ पतंग आले की फवारणी, आणि नेमके हेच तीन दिवस नाहीत. पतंग नव्हते, की बैलांच्या धावपळीत सापळे बघितलेच नाहीत? नव्हते तर मी शून्य लिहीन, बघितले नसतील तर जागा कोरीच ठेवीन. आठवेल तसं सांगा, अंदाजाने आकडा भरू नका. त्या पानाचा फोटोही पुन्हा पाठवा, कडेला चहाचा डाग आहे आणि त्याखाली काहीतरी लिहिलेलं दिसतंय.

तुमची,
छकुली