अळंबीच्या कॅप्सूलच्या डबीवर बीटा-ग्लुकान किती आणि स्टार्च किती, हे छापा

संपादक महोदय,

भोर तालुक्यात मी सहा वर्षांपासून धिंगरी (ऑयस्टर) अळंबी पिकवते. भाताचा पेंढा भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, पिशवीत थर देत मध्ये बी पेरायचे. हे बी म्हणजे उकडलेल्या गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशीची पांढरी जाळी. हे मुद्दाम सांगते आहे, कारण माझी तक्रार या दाण्यापाशीच येते.

पावसाळ्यात सासूबाईंना अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला आणि पोट बिघडले ते महिनाभर ताळ्यावर येईना. एका नातेवाइकाने ‘औषधी अळंबीचे प्रीबायोटिक’, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे खाद्य, म्हणून कॅप्सूलची डबी आणून दिली. 60 कॅप्सूल, 1400 रुपये. वर ठळक अक्षरांत ‘पॉलिसॅकराइड 40 टक्के’. माझी मुलगी बीएस्सीला आहे. तिने एक कॅप्सूल फोडली, पूड बशीत पाण्यात कालवली आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. पूड निळीकाळी झाली. शेजारच्या बशीतली आमच्या वाळवलेल्या धिंगरीची पूड तपकिरीच राहिली. शाळेत बटाट्याच्या फोडीवर जो रंग यायचा, तोच कॅप्सूलच्या पुडीला आला. म्हणजे आत स्टार्च भरपूर होता. तो जाळीखालच्या गव्हा-तांदळाच्या दाण्यांचा की वरून मिसळलेला, हे डबी सांगत नाही.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ. स्टार्चही पॉलिसॅकराइडच, त्यामुळे छापलेला आकडा खोटा ठरत नाही. मला राग येतो तो याचाच. स्टार्च आणि अळंबीतले बीटा-ग्लुकान दोन्ही ग्लुकोजच्या मण्यांच्या माळा, पण गाठी वेगळ्या. स्टार्चच्या गाठी आपले पाचक रस सोडवतात आणि बहुतेक स्टार्च लहान आतड्यातच संपतो. बीटा-ग्लुकानच्या गाठी आपल्याला सुटत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. यातले ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य अन्न. 1995 मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी ‘प्रीबायोटिक’ हा शब्द रूढ केला तो उपकारक जिवाणूंना पोसणाऱ्या अशाच न पचणाऱ्या अन्नासाठी.

अळंबीत ही ताकद आहे, असे मी मनापासून मानते. प्रागच्या संशोधकांनी 2009 मध्ये धिंगरीच्या देठांतून ग्लुकान काढून ते लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम या उपकारक जिवाणूंच्या काही वाणांना दिले, तेव्हा ते त्यावर वाढले. तैवानमध्ये 2015 साली रेशी अळंबीच्या अर्काने लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बदलले. बॉस्टनमध्ये ‘टर्की टेल’ अळंबीच्या अर्काची माणसांवर चाचणी झाली, पण ती 24 निरोगी माणसांवर. एवढ्या आधारावर आजाऱ्याला ‘पोट बरे होईल’ असे सांगणे मला पटत नाही.

आणि आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. सासूबाई कोकणातल्या. फणसाच्या खोडावर वाढणारा कडक फणसांबा सहाणेवर उगाळून लहान मुलांना जुलाबावर आणि लाळ गळण्यावर देत, हे त्या आजही सांगतात. त्या फणसांब्यात नेमके काय आहे, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांनी करायला हवा.

माझी मागणी साधी आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 च्या नियमावलीतच ‘प्रीबायोटिक’ अन्नाचा समावेश केला. मग अशा डबीवर तीन गोष्टी सक्तीच्या करा: माल अळंबीच्या फळाचा (टोपी-देठाचा) की धान्यावर वाढवलेल्या जाळीचा, बीटा-ग्लुकान किती आणि स्टार्च किती. मोजणे अवघड नाही. एकूण ग्लुकान मोजून त्यातून अल्फा-ग्लुकान, म्हणजे मुख्यतः स्टार्च, वजा करण्याची पद्धत प्रयोगशाळांत रुळलेली आहे. आमच्यासारख्या छोट्या उत्पादकांना ती चाचणी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी प्रकल्पात माफक दरात करून मिळाली, तर आम्हीही आमच्या पुडीवर आकडा छापू.

दहा किलो ताज्या धिंगरीची वाळवून जेमतेम एक किलो होते. व्यापाऱ्याला टोप्या हव्या असतात, देठ कापून बाजूला पडतात. त्या प्रागच्या अभ्यासात टोपीपेक्षा देठातच ग्लुकान जास्त आढळले होते. हे वाचल्यापासून मी देठ उकिरड्यावर टाकत नाही. वाळवून दळते आणि थालीपिठाच्या भाजणीत मिसळते.

आपली,
एक धिंगरी उत्पादक, ता. भोर, जि. पुणे