वय वंदना कार्ड काढण्याआधी ईसीएचएस आठवा

संपादक महोदय,

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ठाणे-नवी मुंबईत आयुष्मान वय वंदना कार्डाची, म्हणजे रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्डाची, शिबिरे भरतात. आधार दाखवा, ओटीपी सांगा, कार्ड तयार. ज्यांच्याकडे कसलेच संरक्षण नाही त्यांनी ते जरूर काढावे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या योजनेला उत्पन्नाची अट नाही आणि जुन्या आजारांसाठी थांबावेही लागत नाही.

माजी सैनिकांनी मात्र ओटीपी सांगण्याआधी थांबावे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) असेल, तर ती योजना आणि वय वंदना यांपैकी एकच निवडावी लागते. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसीवाल्यांना (कामगार विमा) ही अट नाही. गोंधळ होतो तो इथेच. शेजारच्या काकांना मेडिक्लेम असून कार्ड मिळाले, मग आपल्याला का नको, असे वाटते.

वय वंदनाचे ५ लाखांपर्यंतचे उपचार हे वर्षाला, कुटुंबातील सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून आहेत. खर्च मिळतो तो दाखल झाल्यावरचा, शिवाय आधीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस. बीपी-शुगरच्या दरमहा गोळ्या त्यात नाहीत. पत्नी ६४ वर्षांची असेल तर या कार्डात तिला जागा नाही. ईसीएचएसमध्ये पॉलिक्लिनिकची (योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याची) ओपीडी आणि औषधे आहेत, पत्नी आहे, उपचारखर्चाला ठरावीक कमाल रक्कम नाही. वय वंदनात जनरल वॉर्डच मिळतो. ईसीएचएसमध्ये नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. पॉलिक्लिनिकपासून फार दूर, गावी एकट्याने राहणाऱ्याचा हिशेब कदाचित वेगळा निघेल. ठाण्यात राहून ईसीएचएस सोडणे मला तरी घाट्याचा सौदा वाटतो.

ईसीएचएसवर लोक वैतागतात ते रेफरल (रुग्णालयात जाण्यासाठी पॉलिक्लिनिकची चिठ्ठी) आणि औषधांच्या तुटवड्यामुळे, आणि तो वैताग खोटा नाही. पण पैसे खरे अडकतात ते इमर्जन्सीत. रुग्णालय पॅनेलवर, म्हणजे ईसीएचएसच्या मान्यताप्राप्त यादीत, असेल तर रेफरलशिवाय दाखल होता येते. मात्र काउंटरवर ईसीएचएस कार्ड लगेच दाखवावे, म्हणजे इमर्जन्सीची नोंद वेळेत जाते. पॅनेलबाहेर दाखल झाल्यास जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांत कळवणे घरच्यांचे काम. तिथे बिल आधी आपण भरायचे, परतावा मंजूर दरानेच, म्हणजे बऱ्याचदा बिलापेक्षा कमी. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि इमर्जन्सीचा दाखला रुग्णालय सोडतानाच घ्यावा. नंतर मिळवताना दमछाक होते. आणखी एक, रुग्णालयाची मान्यता उपचारांच्या विभागानुसार असते. हृदयासाठी पॅनेलवर असलेले रुग्णालय गुडघ्यासाठी असेलच असे नाही.

ईसीएचएस कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत आणि पॉलिक्लिनिकचा नंबर मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये असू द्या. शिबिर भरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की आधार क्रमांक टाकण्याआधी “फौजेत होता का?” हे विचारावे.

– एक माजी सैनिक, कोपरखैरणे, नवी मुंबई