बायझंटाइन कलेत तराजूलाही जागा हवी

महोदय,

बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या कलेवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. रावेन्नाची मोझेक चित्रे, आया सोफियाचा घुमट, सोनेरी पार्श्वभूमीवरचे संत, सगळे त्यात आले. मात्र त्या साम्राज्यातली माणसे बाजारहाटही करत होती, याची खूण लेखात कुठे सापडली नाही आणि त्याची रुखरुख लागली. माझी सारी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली. म्हणूनही असेल, पण संग्रहालयातल्या बायझंटाइन दालनात माझे लक्ष आधी तराजूकडे जाते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाचव्या शतकातले एक वजन आहे. त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते, आपण जरूर पाहावे. हे वजन म्हणजे सम्राज्ञीचा अर्धपुतळा आहे. बाहेरून तांब्याचा मिश्रधातू, आत शिसे आणि वर टांगायला आकडा. तराजूच्या दांडीच्या आखूड टोकाला माल लटकवायचा, खाचा पाडलेल्या लांब टोकावर ही सम्राज्ञी मागेपुढे सरकवायची आणि दांडी आडवी झाली की खाच वाचायची. आपल्याकडच्या लोखंडी वजनाच्या बुडाशीही शिसे भरलेला खड्डा असतो आणि निरीक्षकाचा ठसा त्या शिशावरच उमटतो. असे हजारो ठसे मी तपासले आहेत. म्हणून दुकानदाराच्या काट्यावर लटकलेला तो राजचेहरा मला नुसती शोभा वाटत नाही. माप खरे आहे याची साक्ष द्यायला प्रत्यक्ष राजसत्ता तिथे हजर आहे, असेच मी मानतो.

त्याहून लहान वस्तू सोने तोलण्याच्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने सुरू केलेले सॉलिडस हे सोन्याचे नाणे एका रोमन पौंडात 72 बसे, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचे. कडा कातरून सोने चोरणारे तेव्हाही होतेच, त्यामुळे नाणे तोलून घ्यावे लागे. त्यासाठी पितळी-काशाची चपटी वजने असत. काहींवर चांदीच्या तारेने क्रूस जडवलेला, तर काहींवर 'देवाची कृपा' अशी ग्रीक अक्षरे. काचेच्या चकत्याही असत आणि त्यांवर नगराधिपतीच्या नावाची अक्षरे गुंफून ठसवलेली. काच घासून हलकी करायला जावे, तर ते लगेच दिसते! सम्राट जस्टिनियनने 545 साली कायदाच केला की प्रमाणित वजने-मापे प्रत्येक शहराच्या मुख्य चर्चमध्ये ठेवावीत. दहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलच्या नियमांत तर बिनशिक्क्याचे वजन बाळगणाऱ्या किराणा दुकानदाराला फटके आणि मुंडण अशी शिक्षा आहे. काटामारीविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत यासी अदा बेटाजवळ सातव्या शतकात एक जहाज बुडाले. 1961 ते 1964 या काळात समुद्राच्या तळाशी त्याचे उत्खनन झाले. शेकडो मद्यकुंभ निघाले, स्वयंपाकाची भांडी निघाली आणि एका मोठ्या तराजूच्या दांडीवर मालकाचे नाव निघाले: गेओर्गिओस, धर्मगुरू आणि नाखवा. एका सामान्य माणसाचे नाव तेराशेहून अधिक वर्षे टिकले, ते त्याच्या काट्यावर. या सगळ्या वस्तू बोद्रुमच्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

आपल्या बाजूचा धागाही यात आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लिआना' बंदराचा उल्लेख केला आहे. तिथून तांबे-पितळ, लाकूड आणि कापड निर्यात होते, असे तो लिहितो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आमचे कल्याणच मानतात. इथून गेलेला माल तिकडे कुणीतरी तोलून घेतला असेलच ना?

पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर त्यात एक छायाचित्र या वजनांचे अवश्य छापावे. सोबत मूळ वस्तूची उंची आणि भार द्यायला विसरू नये. फोटोत अर्धपुतळा हातभर वाटतो आणि काचेची चकती ताटाएवढी.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक, कल्याण